देव किती?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडावर अनेक राज्यांतले गोंड लोटतात. दरेकसा स्टेशनावर उतरायचं, डोंगर चढायचा, 'जय सेवा' म्हणत गुहेत शिरायचं. या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका झाली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना कुळं लावून दिली, अशी श्रद्धा. मूळ पोथी नाही. कथा राहिली ती गोंडांचे भाट असलेल्या परधानांच्या गळ्यात, किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने.

तिची एक नक्कल मात्र कागदावर उतरली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गाणं टिपून घेतलं. १८६३ मध्ये ते वारले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. उद्या परधान उरले नाहीत, तर या पुस्तकावरून धर्म पुन्हा उभा राहील?

कमांड लाइनवर बॅकअप घेणाऱ्यांना हाच प्रश्न रुक्षपणे भेटतो. 'बोर्ग' हा प्रोग्राम लिनक्सवर आपलं सामान वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतो. 'कॅश' पुसलं तरी बिघडत नाही, वेळ खाऊन तो ते पुन्हा बांधतो. 'कॉन्फिग'चं तसं नाही. बॅकअप कुलूपबंद करताना कीफाइल पद्धत निवडली असेल तर त्यातल्या 'कीज' या पोटफोल्डरात किल्ली असते. ती गेली आणि दुसरीकडे प्रत नसली, की पासफ्रेज तोंडपाठ असूनही बॅकअप उघडत नाही. हे फोल्डर फक्त त्याच बॅकअपमध्ये टाकणं म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवणं.

मग गोंडांच्या धर्मात किल्ली कोणती?

सोयरीक निघाली की विचारलं जातं, तुमच्या कुळाचे देव किती? चार, पाच, सहा की सात? आकडा सारखा निघाला तर दोन्ही घरं भाऊबंद, विषय तिथेच मिटला. यासाठी कुणी पुस्तक उघडत नाही. गाण्याचे पाठ मात्र बदलतात. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव-पार्वती येतात. कोया पुनेमचे, म्हणजे गोंडांच्या धर्माचे, आजचे अभ्यासक शंभू-गौरा म्हणतात आणि शंभूला गोंडांचाच पूर्वज मानतात. भांडण मोठं आहे, पण देवांचा आकडा त्याने हलत नाही.

म्हणून गाणं नुसतं कॅश ठरवायचं? ते घाईचं होईल. आकडा लग्न अडवतो. का अडवतो, हे गाणंच सांगतं. आणि ते सांगायचा मान ठरलेल्या परधानाचा, ठरलेल्या यजमानाच्या घरी. १८६६ च्या पानांवर शब्द सापडतात, हा व्यवहार त्यांत येत नाही.