विक्रांत तर्फे कोण?

आजोबा मुंबईच्या नौदल गोदीत फिटर होते. दहिवलीहून पहाटे निघून कर्जतची लोकल पकडायचे. ते गेल्यावर ट्रंकेत फोटो सापडले, बरेचसे जहाजांचे. नौदल सप्ताहात जहाजं लोकांना बघायला खुली असत, तेव्हाचे. स्कॅन करून वर्गवारी लावायचं काम साहजिकच घरातल्या सॉफ्टवेअरवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

पहिलं फोल्डर केलं, 'विक्रांत'. जोडीला इंटरनेटवर त्याच नावाने मिळालेले फोटोही टाकले आणि घोळ झाला. आजोबांची विक्रांत १९६१ साली नौदलात दाखल झाली, १९९७ साली निवृत्त झाली. फोल्डरमध्ये तिच्या शेजारी २०२२ साली कोचीत दाखल झालेली नवी विक्रांत येऊन बसली होती. नाव तेच, क्रमांकही तोच: आर ११. 'विराट'चं उलट. जहाज एकच, पण १९५९ पासून ब्रिटिशांची 'हर्मिस' आणि १९८७ पासून आपली 'विराट'. १९८२च्या फॉकलंड युद्धातला तिचा फोटो कुठे ठेवायचा?

व्यापारी जहाजांना सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. मालक, देश, नाव काहीही बदललं तरी तो बदलत नाही. युद्धनौकांना तो नसतो.

मग आमचा सातबारा आठवला. कर्जत तालुक्यात दहिवली एक नाही. कागदावर 'दहिवली तर्फे नीड' आणि 'दहिवली तर्फे वरेडी' असं लिहावं लागतं. गावात बोलताना 'तर्फे' कुणी म्हणत नाही, जमिनीचा व्यवहार करताना मात्र ते विसरून चालत नाही. म्हणजे नाव पुरेसं आहे की नाही, हे विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय यावर ठरतं.

म्हणून मी जलावतरणाचं वर्ष जोडलं: 'विक्रांत (१९४५)', 'विक्रांत (२०१३)'. आजी म्हणाली, "पंचेचाळीस साली कुठली रे विक्रांत?" खरंच होतं. तेव्हा ती 'हर्क्युलिस' होती.

पण वर्ष मी काढलं नाही. जुनी विक्रांत २०१४ साली दारूखान्यात तोडायला घेतली. तिचं थोडं लोखंड बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीत गेलं, नाव नव्या जहाजाला मिळालं. विक्रांत पुढे चालू आहे असं दोन्हीकडून अभिमानाने सांगितलं जातं. आजोबांनी ज्या जहाजाचे व्हॉल्व्ह उघडले, घासले, पुन्हा बसवले, ते मात्र या दोन्हींत कुठेच नाही. दोन्ही विक्रांत एकाच फोल्डरमध्ये राहू दिल्या असत्या, तर ते संपलं हेही कुणाला कळलं नसतं. वर्गवारी करताना आपण नकळत कुणाचं तरी मरण नोंदवतो किंवा लपवतो, हे मला कॉलेजातल्या डेटाबेसच्या पेपरात कुणी सांगितलं नव्हतं.

आता फोल्डर जहाजाच्या सांगाड्याप्रमाणे आहेत आणि नावं सालांसह आत. आजीच्या मोबाइलमध्ये मात्र त्याच फोल्डरचं नाव तिने सांगितलं तसं ठेवलंय: 'ह्यांची विक्रांत'. तिथे तेवढं पुरतं.