ध आणि मा

एखाद्या कारकुनानें कागदांतील अक्षर फिरविलें, किंवा निरोप्यानें निरोप बदलून सांगितला, म्हणजे त्यानें ‘ध चा मा केला’ असें आपण सहज म्हणतों. हें बोलणें इतकें घरगुती झालें आहे कीं, त्याच्या मागें अठरा वर्षांच्या एका मुलाचा खून आहे, आणि तो त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या देखत झाला, हें बोलणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. वाचकहो, ती जुनी हकीकत पुन्हां सांगण्याचें कारण एक प्रश्न आहे. एकानें ‘धरावें’ म्हटलें आणि दुसऱ्यानें मारिलें, तर त्या रक्ताचा वांटा पहिल्याच्या माथीं किती? हा प्रश्न केवळ पेशव्यांच्या वाड्यांतला नाहीं. बांधाच्या भांडणांत ज्यांस पंच म्हणून बसावें लागतें, त्या आपल्या उपदेशकांस तो दरवर्षीं पडतो.

माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें क्षयानें वारले. वय अवघें सत्तावीस. पोटीं संतान नाहीं. धाकटे भाऊ नारायणराव तेव्हां सतरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव, ज्यांस लोक राघोबादादा म्हणत, ह्यांनीं माधवरावांविरुद्ध एकाहून अधिक वेळां शस्त्र उचललें होतें, आणि १७६८ सालीं धोडप येथें पराभव झाल्यावर ते शनिवारवाड्यांत नजरकैदेंत होते. मरणाच्या दारीं असतां माधवरावांनीं त्यांस मोकळें केलें, जवळ बोलाविलें, आणि धाकट्या भावास त्यांच्या हवालीं केलें. दादांनीं सांभाळ करण्याचें पत्करिलें. पुढें जें झालें त्यास केवळ वैर न म्हणतां विश्वासघात म्हणावयाचें तें ह्या हवालीं करण्यामुळें. वैऱ्यानें मारिलें तर आपण त्यास वैरीच म्हणतों. घात करण्यास आधीं कोणी तरी विश्वास टाकावा लागतो.

दादांची बाजू ऐकून घेतल्यावांचून निवाडा करूं नये. १७५८ सालीं ज्यांच्या फौजेनें लाहोर घेऊन अटकेपर्यंत मजल मारिली, त्या पुरुषास घरांत मात्र पुतण्यांच्या हाताखालीं बसावें लागलें. नारायणराव वयानें लहान, तापट आणि उतावळे होते. त्यांनीं कांहीं महिन्यांतच चुलत्यास पुन्हां अटकेंत ठेविलें, आणि वडील माणसाचा मान ठेवावा तसा ठेविला नाहीं. दादांच्या मनांत दुःख होतें, आणि तें खोटें नव्हतें. सूड बहुधा असाच खऱ्या दुःखापासून निघतो, म्हणून तर तो बाळगणाऱ्यास न्यायासारखा दिसतो.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपदांतील गणपतीचे दिवस. भर दुपारीं गारदी वाड्यांत घुसले. सुमेरसिंग आणि महंमद यूसुफ त्यांचे पुढारी. दादांचा चाकर तुळाजी पवार त्यांस सामील. नारायणराव धांवत चुलत्याच्या खोलींत गेले, त्यांस मिठी घालून प्राणाची भीक मागूं लागले. चाफाजी टिळेकर नांवाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनीं दोघांसही तोडिलें. ‘काका, मला वांचवा’ ही हांक आजही रात्रीं त्या भिंतींतून ऐकूं येते अशी भोळी समजूत पुण्यांत आहे. भिंतींस तिचें काय? ज्याच्या कानीं ती पडावयाची होती, त्याच्या कानीं ती त्या दुपारींच पडली होती.

आतां त्या अक्षराची गोष्ट. लोक सांगतात कीं, दादांनीं गारद्यांस लिहून दिलेल्या हुकुमांत ‘धरावें’ असें होतें, आणि त्यांची पत्नी आनंदीबाई हिनें ‘ध’ खोडून ‘मा’ केला. तो कागद इतिहासकारांच्या हातीं कधीं आलेला नाहीं. माझ्या मनांस तर ही गोष्ट फार सोयीची वाटते. पुरुषांनीं कट केला, पुरुषांनीं तलवारी चालविल्या, पुरुषांनीं राज्य घेतलें, आणि दोष मात्र एका बाईच्या बोरूवर राहिला. परंतु वादासाठीं ती गोष्ट खरी धरूं. दादांनीं ‘धरावें’ एवढेंच लिहिलें असें मानूं. तेवढ्यानें ते सुटतात काय?

पगार थकलेले, रागावलेले, हत्यारबंद लोक एका कोंवळ्या मुलावर सोडावयाचे, आणि मग म्हणावयाचें, मी फक्त धरण्यास सांगितलें होतें! गवताच्या गंजीजवळ पेटती चूड ठेवून जाणाऱ्यानें, मी केवळ उजेड केला, असें म्हणावें तसें हें आहे. तरीही एखादा म्हणेल कीं, माणसास पुढचें सर्व दिसत नाहीं. खरें आहे. म्हणून त्यानें आधीं काय म्हटलें त्यापेक्षां मागून काय केलें तें मी पाहतों. चाकरानें हुकुमाबाहेर जाऊन आपल्या पुतण्यास मारिलें असतें, तर मालक त्या चाकरावर तुटून पडला असता. दादांनीं मारेकऱ्यांस शासन केलें नाहीं. त्यांनीं पेशवाईचीं वस्त्रें घेतलीं. पाप दुसऱ्याच्या हातून झालें असें म्हणावयाचें, आणि त्याचें पीक मात्र आपल्या कणगींत भरावयाचें, हें दोन्ही एकत्र चालत नाहीं. दावीद राजानेंही उरीयास स्वतः हात लाविला नव्हता. त्यानें यवाबास एक पत्र लिहिलें, एवढेंच. आणि तें उरीयाच्याच हातीं पाठविलें.

आपल्या खेड्यांत कागद लागत नाहीं. बाप ओट्यावर बसून मुलांस म्हणतो, ‘त्याला जरा धाक दाखवा रे.’ दुसऱ्या दिवशीं चुलतभावाचें डोकें फुटलेलें असतें, आणि म्हातारा पंचांपुढें शपथेवर सांगतो कीं, मी काठी उचला असें म्हटलें नव्हतें. शब्दशः तो खरें बोलतो. अशा वेळीं आपल्या उपदेशकानें त्यास एकच विचारावें: मुलें परत आलीं तेव्हां तूं त्यांस काय म्हणालास?

ह्या हकीकतींत एक पुरुष असा आहे कीं ज्याच्यापाशीं सूड नाहीं, आणि गप्प बसणेंही नाहीं. रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचे. पुण्याच्या दरबारांत न्यायाधीश. त्यांनीं चौकशी केली. नवे पेशवे प्रायश्चित्त विचारूं लागले, तेव्हां देहान्त प्रायश्चित्त ह्यावांचून दुसरें नाहीं असें त्यांनीं तोंडावर सांगितलें, आणि पुणें सोडून ते वाईकडील एका खेड्यांत जाऊन राहिले. मेलेला त्यांचा भाऊ नव्हता. मारणाऱ्याच्या जागीं त्यांस बसावयाचें नव्हतें. त्या निकालानें त्यांस मिळालें कांहींच नाहीं, गेली ती चाकरी. हें मुद्दाम लिहितों, कारण आपल्या मंडळ्यांत एक गैरसमज पसरला आहे. क्षमा करावयाची म्हणजे साक्ष द्यावयाची नाहीं, असें पुष्कळ भोळे लोक समजतात. भावानें विधवा भावजयीचें शेत दाबलें, तर ‘आपण क्षमा करणारे लोक’ असें म्हणून सारी आळी मुकी होते. त्या बाईनें क्षमा करावी कीं नाहीं हा तिचा आणि देवाचा प्रश्न आहे. शेजाऱ्यांनीं तिच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार कोणी दिला? शास्त्रीबोवांनीं कोणाचा द्वेष केला नाहीं, आणि खून झाला ह्यास खून झाला असेंच म्हटलें.

अशीं घरें केवळ आपल्याच देशांत झालीं असें नाहीं. चीनमध्यें इ. स. ६२६ सालीं तांग घराण्यांतील ली शिमिन ह्यानें राजवाड्याच्या शुआनवू दरवाज्यापाशीं दबा धरून युवराज असलेल्या थोरल्या भावास व एका धाकट्या भावास मारिलें. दोन महिन्यांत बापानें त्यास गादी दिली. पुढें तो मोठा बादशहा म्हणून नांवाजला. पण ६४३ सालीं त्याच्याच मुलांत गादीसाठीं कलह माजला, युवराजानें कट केला, आणि बापास त्यास दूर करावें लागलें. घरांत एकदां हा धडा शिकविला गेला कीं मुलें तो विसरत नाहींत.

पुण्याच्या घरांतही तेंच झालें. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू इत्यादि बारभाईंनीं तिला पुरंदरावर नेलें, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. दादांची गादी गेली, आणि ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. ह्या धामधुमींतच १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें दादांनीं साष्टी व वसई देऊं केली. मानखुर्द, चेंबूर, तुर्भें हा खाडीकांठचा मुलूख साष्टीस लागूनच आहे. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून रक्त सांडून घेतलेली साष्टी एका चुलत्याच्या हट्टापायीं सौद्यांत गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत मिळाली. साष्टी मिळाली नाहीं.

बारभाईंचें काम मला येथपर्यंत न्यायाचें वाटतें. पुढचें वाटत नाहीं. दादा १७८३ च्या डिसेंबरांत कोपरगांव येथें वारले. त्यांचा मुलगा बाजीराव हा १७७५ च्या जानेवारींत, म्हणजे खुनानंतर सव्वा वर्षानें जन्मलेला. त्या लेंकरानें काय केलें होतें? तरी तो आईसह कोपरगांव, मग आनंदवल्ली, आणि शेवटीं जुन्नराकडे पहाऱ्यांत वाढला. राज्यास धोका होता, हें नानांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु पहाऱ्यांत वाढणारें मूल पहारेकऱ्यांचीं नांवें पाठ करितें. १७९६ सालीं तो पेशवा झाला. पुढच्याच वर्षीं नाना कैदेंत पडले. १८०१ सालीं त्यानें विठोजी होळकरास शनिवारवाड्यापुढें हत्तीच्या पायीं दिलें. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरापाशीं त्यानें पेशव्यांची व शिंद्यांची फौज मोडिली. बाजीराव पळाला तो कोंकणांत उतरून इंग्रजांकडेच गेला, जसा त्याचा बाप गेला होता. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसई येथें, साष्टीच्या पलीकडच्या तीरावर, त्यानें आपली सही केली.