चहापाणी

अनुवाद करताना मला अडवतात ते बहुतेकदा ओळखीचेच शब्द. मेक्सिकोत पोलिसाला द्याव्या लागणाऱ्या लाचेला ‘मोर्दिदा’ म्हणतात, म्हणजे चावा. आपल्याकडे लाच खातात. मराठी वाक्यात खाणारा तेवढा दिसतो. त्या स्पॅनिश शब्दात ज्याला दात लागले तोही दिसतो. आणि ‘चिरीमिरी’, ‘चहापाणी’, ‘तोडपाणी’ हे आपले शब्द तर इतके घरगुती, की त्यात कुणाला काही दुखलं असेल असं वाटतच नाही.

हा शब्द मला शब्दकोशात भेटला नाही, पहाडगंजमध्ये भेटला. 2014 चा नोव्हेंबर. मेक्सिकोहून आलेली एक अनुवादक मैत्रीण आणि मी मेन बझारच्या एका गल्लीतल्या हॉटेलात उतरलो होतो. रात्री अकराच्या सुमारास तिची मागे राहिलेली बॅग नवी दिल्ली स्टेशनच्या क्लोकरूममधून घेऊन परतत होतो. सोबत हॉटेलातला पोऱ्या होता, अठरा-एकोणीस वर्षांचा, बॅग त्याच्या डोक्यावर. खाकीतल्या एकानं अडवलं. छातीवर नावाची पट्टी नव्हती. त्यानं मैत्रिणीचा पासपोर्ट मागितला. तो झेरॉक्ससाठी हॉटेलच्या काउंटरवर राहिला होता. मग ‘फॉर्म सी’ भरला का, बॅगेत काय आहे, ठाण्यात चला, असं सुरू झालं. शेवटी आवाज उतरला आणि 2000 हा आकडा आला.

आता यातलं मला सगळं ठाऊक होतं. परदेशी पाहुण्याची नोंद तेव्हा ‘फॉर्म सी’वर 24 तासांच्या आत करायची असे ती हॉटेलनं, पाहुण्यानं नव्हे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात 1996 मध्येच सांगितलंय. दंड असेल तर पावती मागावी, ठाण्यात जाऊनच बोलू म्हणावं, पासपोर्ट हातातून सोडू नये. प्रवाशांना दिला जाणारा हा सल्ला खोटा नाही. फक्त तो दिवसाउजेडी लिहिलेला असतो. रात्री अकरा वाजता, दोन बायकांना, ‘चला ठाण्यात’ हे वाक्य धमकीसारखंच ऐकू येतं. मग तेच वाक्य आपण उलट कसं म्हणायचं? शिवाय तो खरा पोलीस होता की तोतया, हेही मला कळलं नाही. तोतया असता तर आरडाओरडा करायला हवा होता आणि खरा असता तर कायदा बोलून दाखवायला हवा होता. मी 500 ची नोट काढली.

तो मैत्रिणीकडे पाहून हसला, ‘जाइए मॅडम’ म्हणाला. आणि पोऱ्याला म्हणाला, ‘तू रुक.’

बॅग आम्ही दोघींनी उचलली. मी मागे वळून पाहिलं नाही. छह टूटी चौकापाशी आल्यावर ती म्हणाली, मोर्दिदा. मग म्हणाली, तू फार सराईतपणे दिलेस. तिच्या शहरात तिनंही अनेकदा दिले होते. पण स्वतःसाठी देणं आणि दुसऱ्यासाठी देणं यात तिला फरक वाटत होता. मला तेव्हा तिचा रागच आला होता. पाहुणीला घरी सुखरूप पोचवायचं की तत्त्व पाळायचं? आजही या प्रश्नाचं माझं उत्तर बदललेलं नाही. बदललीय ती हिशोबाची मांडणी.

कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, 2011 मध्ये, त्यांनी एक टिपण लिहिलं होतं. हक्काच्याच गोष्टीसाठी जी लाच उकळली जाते, ती देणाऱ्याला गुन्हेगार धरू नये, म्हणजे तो तक्रार करायला धजेल. त्यावर पुष्कळ टीका झाली. 2018 च्या दुरुस्तीनं उलट लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला; सक्तीनं द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवा, मग सूट. तीन दिवसांत विमान पकडणाऱ्या प्रवाशानं या सात दिवसांचं काय करायचं, हा एक प्रश्न आहेच. पण मला खटकतं ते वेगळं. या सगळ्या चर्चेत माणसं दोनच, देणारा आणि घेणारा. त्या गल्लीत आम्ही चौघं होतो.

करोलबागेत राहणारे विट्याकडचे एक गलाईवाले काका आहेत. सोनं-चांदी गाळणारी सांगली जिल्ह्यातली ही माणसं देशभर पसरलीत, आणि ‘चोरीचं सोनं घेतलंस’ ही धमकी त्यांच्या धंद्याला चिकटलेलीच. काका म्हणाले, ‘ताई, पहिल्यांदा दिलं ना, त्या दिवशी आपला भाव ठरला. आणि आपला ठरला की शेजारच्या नव्या पोराचाही ठरतो.’ काकांनी कायद्याचं एक पानही वाचलेलं नाही, पण त्या हिशोबात तिसरा माणूस होता.

मी 500 रुपयांत काय विकत घेतलं? सुरक्षितता म्हणावी तर ती गल्लीत वाढली नाही, नुसती इकडची तिकडे झाली. ज्याच्यापाशी इंग्रजी नव्हतं, पाहुणी नव्हती, नोट नव्हती, त्याच्या वाट्याची ती आमच्याकडे आली. मी 500 ऐवजी 700 देऊन ‘हा आमच्यासोबत आहे’ म्हटलं असतं तर? दोनशे रुपयांचा प्रश्न नव्हताच. तो आमच्यासोबत आहे हे मला त्या क्षणी सुचलंच नाही, आणि याला भीती हे कारण पुरत नाही.

सकाळी चहा घेऊन तोच आला. मी विचारलं, रात्री काय झालं?

‘कुछ नहीं मॅडम, चाय-पानी.’

कितीचं, विचारलं. दोनशेचं, म्हणाला. मी दोनशे पुढे केले. त्यानं ते टिप समजून घेतले, सलाम केला, आणि रिकामे कप घ्यायला परत येतो म्हणून गेला.