लहान कृत्यांतील प्रीती

प्रीती मोठ्या दानातच दिसते असे मानून पुष्कळ गरीब लोक खिन्न होतात. त्यांनी पुढील हकीकतीचा विचार करावा.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. तिला अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून तिचे पती गोपाळराव यांनी १८७८ साली एका मिशनरी साहेबांस पत्र लिहून साह्य मागितले. उत्तरी ख्रिस्ती होण्याचा उपदेश मिळाला. तो पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीच्या थिओडोशिया कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे खोळंबल्या असता तो त्यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी आपण होऊन एक पत्र लिहिले. इतकेच! पुढे आनंदीबाई कलकत्त्यास आजारी असता त्यांनी औषधे पाठविली. १८८३ साली ती परमुलखात उतरली तेव्हा तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागली. १८८६ साली ती डॉक्टर झाली, तरी हिंदूच राहिली. म्हणून मावशीची माया उणावली नाही.

उपदेश मोठा होता, पत्र लहान होते. पण मन कोणी जिंकले? जी प्रीती मोबदला मागते ती व्यापार होय, मग तो मोबदला धर्माचा का असेना.

ह्यास्तव, बंधुभगिनींनो, शेजारी कोणी तापाने पडला असेल तर त्याची जात व मत न विचारता आजच पेजेची वाटी नेऊन द्या, आणि उपकाराची गोष्ट न काढता घरी परत या.