थोरल्या जावेचा नवस

माण तालुक्यातल्या एका गावातून दोघी जावा आषाढीच्या वारीला निघाल्या. थोरलीने पंढरीची वाट बऱ्याचदा तुडवलेली, धाकटीची पहिलीच वारी. त्या साली थोरलीचा नातू मोठ्या दुखण्यातून उठला होता. तो अंथरुणाला खिळलेला असताना ती विठोबाला नवस बोलली होती, पोराला बरं कर, आळंदीपासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी चालत येईन. पोर बरं झालं. थोरलीला काही वर्षांपासून साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. पण देवाला दिलेल्या शब्दापुढे तिला आजाराचं काही वाटलं नाही. चपला घरात ठेवून ती निघाली.

धाकटीच्या पायात रोज शेतावर जायची चप्पल होती. रुंद पट्ट्यांची, पायाच्या ठेवणीप्रमाणे तळ बसलेली. आळंदीहून पुण्यापर्यंत ती त्या चपलेवर सुखाने आली. पुण्यात पालखी दोन रात्री मुक्कामाला असते. तिथे नोकरीला असलेला मुलगा आईला भेटायला आला, तो हातात बुटांचा खोका घेऊनच. चांगले भारीतले बूट, तिच्या चपलेच्या नंबराचे. "आई, अडीचशे किलोमीटरची वाट आणि तू या चपलेवर चालणार?" त्याचा जीव तुटत होता, ते तिला दिसत होतं. जुनी चप्पल तिने त्याच्याकडे दिली आणि निघायच्या दिवशी पहाटे नवे बूट चढवले. दिंडीतल्या बायांनी वाकून वाकून पाहिले.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यांत मोठा टप्पा, सुमारे 32 किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाटाची चढण. नवं पायताण पहिल्यांदा घालायला याहून वाईट दिवस सापडायचा नाही. हडपसर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पावसाची सर आली. बूट बंद, आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. मोजे भिजून टाचेशी गोळा झाले. दिवसभर चालून पाय सुजतो. पहाटे मापात बसलेला बूट दुपारी आखूड झाला. अंगठ्याचं नख पुढे घासू लागलं आणि मागे टाचेची सालपटं निघू लागली. पायाला सैल सोडणाऱ्या उघड्या चपलेच्या मापाने बंद बूट घेऊ नये, हे त्या मुलाला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

थोरलीची गत वेगळीच होती. तिला काहीच दुखत नव्हतं. सर ओसरली, ऊन पडलं, डांबर तापलं, अनवाणी चालणारे रस्त्याच्या कडेची माती धरू लागले. ही मात्र डांबरावरून सरळ चालत राहिली. बघणाऱ्यांनी हात जोडले. पण साखरेच्या आजाराने तिच्या तळव्यांची जाणीवच मंदावली होती, आणि पायाखाली काय येतंय ते पाय तिला सांगेनासे झाले होते.

दिंडीत चालणं म्हणजे ओळीत चालणं. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया. एकाचं पाऊल चुकलं की मागच्याचं अडखळतं. घाटाच्या चढणीला धाकटी लंगडू लागली, थोरलीचा तोल जाऊ लागला, आणि दोघी ओळीतून मागे पडल्या. तेव्हा तुळस घेतलेल्या एका तरण्या सुनेने आपलं वृंदावन दुसरीच्या डोक्यावर दिलं आणि धाकटीची पिशवी खांद्याला मारली. सत्तरीच्या एका आजीने टाळ कमरेला खोचले आणि थोरलीचा दंड धरला. अख्खा घाट हात देणाऱ्या त्या दोघी अभंगाशिवाय चढल्या.

संध्याकाळी सासवडच्या तळावर, तंबूत, आजी थोरलीच्या पायाला तेल लावायला बसल्या. टाचेशी हात गेला आणि थांबला. चिखल पुसला तर काचेचा तुकडा आत रुतलेला, आणि भोवतीचं मांस पांढरं पडलेलं.

"कवा लागलं गं?"

"कुठं? मला तर काय बी लागलं न्हाई."

वारकऱ्यांसाठी उभारलेल्या दवाखान्यात डॉक्टरांनी काच काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. साखरेचं विचारलं. मग जरा कडक आवाजातच सांगितलं, की या जखमेवर भार द्यायचा नाही, ती चिघळली तर पाय गमवायची वेळ येते. दुखणारी जखम माणसाला थांबवते, न दुखणारी चालत ठेवते, म्हणून तीच जास्त घातक.

सासवडलाही पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा. दुसऱ्या दिवशी तळाजवळ एक म्हातारे चर्मकार गोणपाट अंथरून बसले होते. वारीच्या वाटेवर अशी मंडळी बसतात आणि वारकऱ्यांच्या चपला शिवून देतात, पैसे घेत नाहीत. माझ्या मते वारीतल्या मोठ्या सेवांपैकी ही एक. अन्नदान सगळ्यांना दिसतं, तुटलेल्या अंगठ्याला घातलेला टाका कोणाला दिसत नाही, पण त्याच्यावाचून पुढचा मैल निघत नाही.

धाकटीने भिजके बूट त्यांच्यापुढे ठेवले. म्हाताऱ्यांनी आधी बूट हातात घेतलाच नाही. तिचा पाय मांडीवर ओढून टाच पाहिली, बोटं फाकवून मध्ये चिखल्या झाल्यात का पाहिलं. मग बूट उचलून रापीला धार लावू लागले.

"दादा, कापणार काय? पोरानं लई पैसं घातल्यात."

"बूट कापू का टाच? दोन्हीतलं एक सांगा, माउली."

तिने डोळ्यांत पाणी आणून मान हलवली. त्यांनी टाचेमागचा भाग गोल कापून काढला, पुढून बोटं मोकळी केली, मागे मऊ पट्टा शिवला. आरीने बाजूला भोकं पाडली, पाणी आलं तसं जावं म्हणून. कापलेल्या कडा आत दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवल्या, आणि ठोकून बसवल्या. मग आपलं बोट सगळीकडून आतून फिरवलं. कुठे काही टोचत नाही अशी खात्री झाल्यावरच बूट तिच्या हातात दिला.

थोरली बाजूला पट्टीचा पाय लांब करून बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्या पायाचं काय, माउली?"

"मला नको. नवस हाय माझा. अनवाणी जायचं बोललेय."

म्हातारे वाद घालायला गेले नाहीत. हातातलं काम चालू ठेवून त्यांनी विचारलं, "काल घाटात तुम्हाला कोणी धरलं होतं?"

थोरलीने आजींकडे बोट दाखवलं.

"त्यांचं भजन राहिलं म्हणायचं. आन् हिची पिशवी कुणी घेतली?"

"त्या पोरीनं. तुळस दुसरीला दिली तिनं."

"मंजे नवस तुम्ही बोलला, आन् फेडला या दोघींनी."

थोरली काहीच बोलली नाही. म्हाताऱ्यांनी आरी खाली ठेवली. "आळंदीपास्नं किती जणांनी तुमच्या पायाला हात लावला असंल. लहान बघितलं न्हाई, थोर बघितलं न्हाई, जात बघितली न्हाई. माउली म्हणून वाकले. ज्या पायावर एवढी माणसं वाकली, त्यो तुमच्या एकटीचा हाय व्हय? मग त्यो जपायचा का न्हाई?"

अनवाणी चालणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि ज्यांचे तळवे जन्मभर मातीत घट्ट झालेत त्यांना त्यात काही अवघडही नाही. पण वारकरी पंथाने माळ सांगितली, एकादशी सांगितली, नाम सांगितलं, वारी सांगितली. पाय रक्ताळायला सांगितलं नाही. त्या दोघी जावांच्या बाबतीत तर गोष्ट सरळ होती. मुलाने प्रेमाने बूट आणले होते, थोरलीने नातवाच्या प्रेमापोटी चपला सोडल्या होत्या. फक्त ज्यांनी चालायचं त्या पायांना दोन्ही वेळी कोणी विचारलं नव्हतं. आणि आपण पायांना विचारलं नाही, की त्याचा भार शेजारी चालणाऱ्याच्या खांद्यावर जातो.

"सांजच्याला या," म्हातारे म्हणाले. "दिसभराचा पाय फुगलेला असतो, माप तवाच घ्यावं."

संध्याकाळी त्यांनी कागदावर थोरलीचा पाय ठेवून पेन्सिलीने आखला, पट्टीला जागा सोडली. पहाटे पालखी निघायच्या आधी चप्पल तयार होती. मऊ रबराचा तळ, रुंद पट्टे, मागून बांधायला बंद. आतल्या अंगाला एकही खिळा नव्हता. थोरली पैसे काढू लागली तेव्हा त्यांनी तिच्याच पायाला हात लावला.

जखम भरायला वेळ लागला. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, थोरली दिंडीच्या ट्रकमधून गेली, तंबू आणि भांड्यांच्या मधे बसून. पहिल्या दिवशी ती तोंड फिरवून रडली. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं, तेव्हा तिला जवळ जाता आलं नाही, तिने ट्रकजवळूनच हात जोडले. पण मुक्कामाला ती सगळ्यांच्या आधी पोचायची, आणि चालून आलेल्या बायांना बसवून एकेकीचा पाय हातात घ्यायची. बोटांमधलं पाणी कोरड्या फडक्याने टिपायची. ओल्या चपला काढायला लावायची. फोड आला असेल तर फोडू द्यायची नाही, नख वाढलं असेल तर सरळ कापायची. सकाळी निघताना प्रत्येकीने चपलेत हात घालून खडा बघायचा, हा तिचा दंडक झाला. वेळापूरपर्यंत शेजारच्या दिंडीतल्या बायाही तिच्यापुढे पाय करून बसू लागल्या. तरणी सून पुन्हा तुळस घेऊन ओळीत होती, आजींचे टाळ वाजत होते.

वाखरीहून पंढरपूरचा शेवटचा टप्पा तेवढा डॉक्टरांना विचारून ती चालली. चप्पल घालून, हळूहळू, धाकटीच्या बरोबरीने. कळसाचं दर्शन झालं तेव्हा तिने विठोबाला काय सांगितलं ते तिलाच ठाऊक.

पुढच्या साली अक्षय तृतीया झाली आणि थोरलीने वारीला जाणाऱ्या बायांना बाजाराच्या दिवशी चपला घ्यायला गोळा केलं. सकाळी नाही, दिवस कलल्यावर. चप्पल बसून नाही, दोन्ही पायांवर उभं राहून बघायची. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, मागून टाच सुटता कामा नये. घेतलेली चप्पल दुसऱ्या दिवसापासून शेतात, विहिरीवर, बाजाराला, महिनाभर. चावली तर ती वारीला न्यायची नाही, मग कितीही किंमत पडलेली असो. कातड्याची असेल तर पावसाआधी तेल पाजायचं. गावातला एक मेंढपाळ जन्मभर उन्हापावसात अनवाणी फिरलेला. तोही विचारायला आला. तिने त्याचे तळवे दाबून पाहिले, काडीने गुदगुल्या केल्या. तो हसून पाय मागे घेऊ लागला, तशी ती म्हणाली, "तुझं बरोबर हाय, तू असाच ये."

शेवटी भावकीतली एक नवी सून पुढे आली. "अक्का, माझी पहिलीच वारी. कसली चप्पल घेऊ?"

"आधी पाय दाखव," थोरली म्हणाली.