फेकणारा कोण होता, ते आधी सांग

तुझी यादी वाचली. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या महान रिसीव्हरांची क्रमवारी, वरपासून खालपर्यंत यार्डांच्या बेरजेनं लावलेली. आणि शेवटी ठणकावून लिहिलेलं वाक्य : आकडे खोटं बोलत नाहीत. कबूल, बोलत नाहीत. पण विचारल्याशिवाय खरंही सांगत नाहीत. तू त्यांना काय विचारलंस?

काहीच नाही. एक रकाना उतरत्या क्रमानं लावलास, नावांपुढे आकडे चिकटवलेस, झालं. पाट्या टाकल्यास.

एखाद्या नवख्यानं हे केलं असतं तर मी दोन गोष्टी समजावून सोडून दिलं असतं. तू नवखा आहेस का? रविवारी रात्री साडेदहाला सामने सुरू झाले की सोमवार उजाडेपर्यंत तू जागा असतोस. सेफ्टी दोन पावलं मागे सरकला की चेंडू कुठं जाणार, हे तू फेक सुटण्याआधी सांगतोस. एका परिणामामागची चार कारणं वेगळी कशी काढायची, हे वर्गात सगळ्यांच्या आधी तुला कळलं होतं. ज्याला येत नाही त्याच्यावर मी रागवत नाही. तुला येतं, आणि तू केलं नाहीस.

रिसीव्हरच्या नावापुढे एक झेल लागायला काय काय जुळून यावं लागतं, ते तुला माहीत आहे. पुढच्या पाच जणांनी दोन-तीन सेकंद भिंत धरावी लागते. क्वार्टरबॅकला तो दिसावा लागतो, दिसल्यावर फेकायचं धाडस व्हावं लागतं, आणि फेकलेला चेंडू त्याच्या हाताच्या टप्प्यात यावा लागतो. त्याहीआधी कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं की या चालीत पहिली नजर कुणाकडे जाणार. हे सगळं झाल्यावर मग त्याचे हात. तू ही सगळी साखळी एका माणसाच्या खात्यात जमा केलीस. कुणाच्या परवानगीनं?

लॅरी फिट्झजेराल्ड घे. तुझ्या यादीत तो आहेच. 1,432 झेल आणि 17,492 यार्ड असलेला माणूस यार्डांच्या यादीतून सुटेल कसा? पण त्याच्याबद्दल तू लिहिलंस की 2012 मध्ये तो ‘उतरणीला लागला’. हे वाक्य लिहिताना हात थांबला नाही तुझा?

2008 मध्ये त्याला कर्ट वॉर्नर फेकत होता. 96 झेल, 1,431 यार्ड, 12 टचडाऊन. त्यानंतरच्या बाद फेरीत 546 यार्ड आणि 7 टचडाऊन, तोवर कुणालाच जमलं नव्हतं असं काम. 2009 चा हंगाम संपल्यावर वॉर्नर निवृत्त झाला. मग त्यांच्या संघात, अ‍ॅरिझोनात, क्वार्टरबॅकची रांग लागली. डेरेक अँडरसन, मॅक्स हॉल, जॉन स्केल्टन, केव्हिन कोल्ब. 2012 या एका हंगामात चौघांनी चेंडू फेकला : कोल्ब, स्केल्टन, रायन लिंडली आणि ब्रायन हॉयर. लिंडलीच्या 171 फेकी. टचडाऊन शून्य, इंटरसेप्शन 7. संघानं पहिले चार सामने जिंकले आणि हंगाम संपवला 5 विजय, 11 पराभवांवर. सिअ‍ॅटलमध्ये तर 58-0 असा मार खाल्ला. त्या वर्षी फिट्झजेराल्डच्या दिशेनं दीडशेहून जास्त फेकी झाल्या आणि त्यानं झेलले 71. यार्ड 798.

निम्म्याहून जास्त वेळा चेंडू त्याच्या हाती लागला नाही. तू त्याला ‘उतरण’ म्हणालास. ज्याचे हात उभ्या कारकिर्दीत कधी शंकेचा विषय झाले नाहीत, त्याचे हात एका उन्हाळ्यात निकामी झाले? की चेंडू त्याच्या डोक्यावरून, पायाशी, मैदानाबाहेर जात होता? हे ठरवायला एक दुपार पुरली असती. टार्गेट म्हणून नोंदलेल्या फेकींमध्ये झेलण्याजोग्या किती होत्या, एवढं मोजायचं होतं. सामन्यांची चित्रफीत तुझ्याकडे आहे. पाहिलीस का?

आता त्याच माणसाची दुसरी बाजू, जी तुझ्या नजरेतून साफ निसटली. 2013 मध्ये ब्रूस एरियन्स प्रशिक्षक म्हणून आले, त्याच वर्षी कार्सन पामर आला. क्वार्टरबॅक सुधारला. मग आकडे लगेच वर जायला हवेत ना? तसं झालं नाही. 2013 ला 954 यार्ड, 2014 ला 784. आणि 2015 ला एकदम 109 झेल, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तोवरच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. माणूस तोच, प्रशिक्षक तोच. मग बदललं काय? एक म्हणजे 2014 मध्ये पामरच जायबंदी होऊन बहुतेक हंगाम बाहेर बसला. दुसरं, आणि मोठं : एरियन्सच्या आक्रमणात फिट्झजेराल्ड मैदानाच्या कडेवरून आत, स्लॉटमध्ये सरकला होता. ती जागा अंगवळणी पडली, तिथल्या जवळच्या फेकी त्याच्या वाट्याला येऊ लागल्या. 2008 मध्ये दर झेलामागे जवळपास 15 यार्ड होते, 2015 मध्ये 11. झेल जास्त, पल्ला कमी. या दोन हंगामांत त्याला दिलेलं कामच वेगळं होतं. तू दोन्ही एकाच रकान्यात ओतलेस आणि बेरीज केलीस.

‘पण सर, कारकीर्द लांब असली की चांगले-वाईट क्वार्टरबॅक सारखेच वाट्याला येतात.’ हे तू म्हणणार, मला ठाऊक आहे. येतात? जेरी राइसला आधी जो माँटाना मिळाला, मग स्टीव्ह यंग. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. आखणी बिल वॉल्श यांची. राइस अद्वितीय होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याची मेहनत, त्याचे काटेकोर मार्ग, हे सगळं त्याचं स्वतःचं. पण राइसच्या 22,895 आणि फिट्झजेराल्डच्या 17,492 यांच्यातलं अंतर म्हणजे दोघांच्या गुणवत्तेतलं अंतर, असं तू छातीठोकपणे लिहिलंस. कशाच्या जोरावर? सचिनची शतकं मोजताना खेळपट्टी कुठली, गोलंदाज कोण, समोरच्या टोकाला कोण उभं होतं, हे विचारल्याशिवाय तू कुणाला बोलू देत नाहीस. ती अक्कल महासागर ओलांडताना कुठं सांडली?

रँडी मॉसचं उदाहरण तर नियतीनं तुझ्यासाठी प्रयोगशाळेत मांडून ठेवलं होतं. 2006, ओकलंड : 42 झेल, 553 यार्ड, 3 टचडाऊन. संघ 2-14. माणूस संपला, असं लोक म्हणाले. न्यू इंग्लंडनं त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात उचललं. 2007 : 98 झेल, 1,493 यार्ड, 23 टचडाऊन. तो विक्रम आजही उभा आहे. टॉम ब्रेडीचे त्या वर्षी 50 टचडाऊन पास, संघ साखळीत 16-0. इथवर तू लिहिलंस. छान लिहिलंस. आणि नेमकं जिथं घोडं पेंड खातं तिथं थांबलास.

कारण पुढच्या वर्षी, 2008 मध्ये, पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. जागेवर मॅट कॅसल आला, जो शाळा सोडल्यापासून क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. प्रशिक्षक तेच, आखणी तीच, मॉस तोच. त्याचे आकडे : 69 झेल, 1,008 यार्ड, 11 टचडाऊन. कळतंय का समोर काय ठेवलंय? 2007 वरून 2008 ला आलास की ब्रेडी गेल्याची किंमत दिसते. 2008 ची तुलना 2006 शी केलीस की नवख्या क्वार्टरबॅकसहसुद्धा चांगली आखणी आणि उभारी आलेला मॉस मिळून काय करतात ते दिसतं. हिशेब अगदी स्वच्छ सुटत नाही, मान्य. ओकलंडमधल्या मॉसचं मनही खेळात नव्हतं. पण इतकी जवळची तुलना या खेळात क्वचित मिळते. तू ती ओलांडून पुढच्या नावाकडे गेलास. का? पुढचं नाव लिहिणं सोपं होतं म्हणून.

कूपर कपचंही तेच. 2020 मध्ये जॅरेड गॉफबरोबर 974 यार्ड आणि 3 टचडाऊन. 2021 मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डबरोबर 1,947 यार्ड आणि 16. शॉन मॅकव्हे दोन्ही वर्षी प्रशिक्षक. तू लिहिलंस, ‘कपनं स्वतःला घडवलं.’ घडवलं असेल. पण हंगाम 17 सामन्यांचा झाला होता, त्याचा उल्लेख नाही. नोव्हेंबरात रॉबर्ट वुड्स जायबंदी झाला आणि त्याच्या वाटच्या फेकी कुणाकडे तरी जाणारच होत्या, त्याचा उल्लेख नाही. आणि 2019 मध्ये त्याच गॉफबरोबर कपनं 1,161 यार्ड आणि 10 टचडाऊन केले होते, हे तर तुझ्या गोष्टीत बसत नव्हतं म्हणून तू गाळलंस. इथं आळसाचं निमित्तही चालणार नाही. याला लबाडी म्हणतात.

आता एवढं ऐकल्यावर तू काय करशील तेही मला दिसतंय. उद्या दुसरं टोक गाठशील. ‘सगळं क्वार्टरबॅकवर असतं’ असं लिहून मोकळा होशील. तेही तितकंच फुकटचं. टायरीक हिलला विचार. 2021 मध्ये पॅट्रिक माहोम्स त्याला फेकत होता, तरी 111 झेलांत 1,239 यार्ड. बचावफळ्या दोन्ही सेफ्टी खोल ठेवून त्याची लांबची वाट बंद करत होत्या. 2022 मध्ये तो मायामीला गेला. तिथला क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ माहोम्सपेक्षा सरस, असं कुणी म्हणणार नाही. तरी हिलचे 1,710 यार्ड. पुढच्या वर्षी 1,799. हे कुणी केलं? माइक मॅकडॅनियल यांच्या आखणीनं. चेंडू सुटण्याआधीच त्याला पळतं ठेवायचं आणि मधल्या मोकळ्या जागेत झटपट, ठरल्या वेळी चेंडू पोचवायचा. टुआला नेमकं तेच उत्तम जमतं. आणि हिल गेल्यावर माहोम्सचं काय झालं? 5,250 यार्ड, 41 टचडाऊन, सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि सुपर बोल. सांग आता, कोण कुणाला मोठं करत होतं? एका ओळीत उत्तर देता येत असेल तर ते बहुधा चुकीचं आहे. 2024 मध्ये हिल 959 वर आला, तेव्हा टुआ सहा सामने बाहेर होता, आणि हिलचं स्वतःचं मनगटही दुखावलेलं होतं. दोन्ही लिही. सोयीचं तेवढं नको.

नाचता येईना अंगण वाकडं, हे रिसीव्हरच्या चाहत्यांइतकं कुणी वापरत नाही. लाडक्याचे यार्ड घटले की क्वार्टरबॅक वाईट, वाढले की लाडका महान. तूही त्यातलाच झालास? मग 2008 च्या डेट्रॉइटचं काय करशील? संघ 0-16. क्वार्टरबॅक सुरुवातीला किटना, मग ऑर्लोव्स्की, मग कल्पेपर. आणि त्या उद्ध्वस्त संघात दुसऱ्याच हंगामात खेळणाऱ्या कॅल्व्हिन जॉन्सनचे 1,331 यार्ड, 12 टचडाऊन. डीअँड्रे हॉपकिन्सला 2015 मध्ये चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी फेकलं, त्यानं 1,521 यार्ड काढले. फिट्झजेराल्डनं स्वतः 2011 मध्ये कोल्ब आणि स्केल्टनकडून 1,411 काढले होते. कुणी तगतं, कुणी कोलमडतं, आणि तोच माणूस एका वर्षी तगून दुसऱ्या वर्षी कोलमडतो. हे का, हाच प्रश्न होता. तो तू विचारलाच नाहीस.

जॉन्सनच्या 2012 मधल्या 1,964 यार्डांना तू यादीत वेगळी चौकट दिलीस. विक्रमच तो, दे. पण त्या वर्षी, तेव्हा डेट्रॉइटला असलेल्या स्टॅफर्डनं 727 फेकी केल्या, एका हंगामातल्या तोवरच्या सर्वाधिक, हे त्याच चौकटीत का नाही? संघ 4-12 होता. सतत मागे पडणारा संघ फेकतच राहतो. आणि 1,964 यार्डांवर टचडाऊन फक्त 5. हा विरोधाभास पाहून तुझं कुतूहल जागं झालं नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. पूर्वी अशा आकड्यापाशी तू तासभर अडून बसायचास.

पॉल वॉरफिल्ड तुझ्या यादीत नाही. का नाही, ते विचारणारही नाही, कारण 1972 मध्ये त्याचे झेल होते फक्त 29, आणि तुझ्या रकान्याला तेवढंच दिसतं. मायामीचा तो संघ एकही सामना हरला नाही, आणि त्यात मुख्यतः झोंका आणि मॉरिस चेंडू घेऊन पळत होते. पुढच्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीनं अख्ख्या सामन्यात 7 पास फेकले आणि संघ जिंकला. वॉरफिल्डचं काम होतं बचावाला मागे खेचून धरणं, आणि चेंडू आलाच तर लांब पळणं. कारकिर्दीत दर झेलामागे 20 यार्डांहून जास्त. 1978 मध्ये बचावपटूंना पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के द्यायची बंदी झाली, हंगामही 14 वरून 16 सामन्यांचा झाला. वॉरफिल्ड त्याच्या आदल्या वर्षी थांबला. त्या माणसाला तू आजच्या पोरांशेजारी यार्डांच्या तराजूत उभं केलंस आणि हलका ठरवून बाहेर काढलंस.

वेळ नव्हता म्हणू नकोस. चौकटी रंगवायला वेळ होता. लोकांना यादीच लागते म्हणू नकोस. लोकांना काय लागतं हे तू कधीपासून बघायला लागलास?

ती यादी मागे घे. तीन नावं निवड, तीनच : फिट्झजेराल्ड, मॉस, हिल. प्रत्येकाचे दोन हंगाम, एक भरभराटीचा, एक पडझडीचा. दर सामन्याचे यार्ड काढ, संघाच्या एकूण फेकींतला त्याचा वाटा काढ, चेंडू सरासरी किती खोल फेकला जात होता ते काढ. मग प्रत्येक हंगामातले दोन सामने बसून बघ, चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे. तो मोकळा असताना फेक किती वेळा आलीच नाही, हे कुठल्याही तक्त्यात छापलेलं नसतं. ते तुला वहीत हातानं लिहावं लागेल. शुक्रवारी वही घेऊन ये. लेख नंतर बघू.