जुनी मोटारसायकल अभिजात कशाने होते?

'जुने ते सोने' ही म्हण आपण फार सैलपणे वापरतो. जुनी झालेली प्रत्येक वस्तू सोने ठरती, तर भंगारवाल्याचा काटा केव्हाच गंजून गेला असता. वस्तुस्थिती अशी की, शंभर जुन्या वस्तूंपैकी नव्याण्णव मोडीत जातात, त्यांच्याबद्दल कोणी हळहळतही नाही. एखादीच मागे उरते आणि लोक तिच्याभोवती आदराने उभे राहतात. ती एक कशामुळे उरली, हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही.

पनवेल ओलांडल्यावर लागणाऱ्या पळस्पे फाट्यावर हा प्रश्न आमच्या मनात हटकून येतो. येथून एक वाट बोरघाटाकडे जाते, दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून कोकणात व पुढे गोव्याला, तिसरी उरणच्या अंगाने बंदराकडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला, परंतु त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळे मोटारसायकल कालची असो की पन्नास वर्षांपूर्वीची, तिला जुन्याच रस्त्याने जावे लागते. सुट्टीच्या सकाळी फाट्यावर चहासाठी थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत एखादी जुनी येझदी, एखादी राजदूत दिसते. शेजारी लाखांच्या नव्या गाड्या उभ्या असतात, पण माणसे वळून पाहतात ती हिच्याकडे! तरुण मुले तिला 'क्लासिक' म्हणतात. मराठीत आपण 'अभिजात' म्हणू. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाल्यापासून हा शब्द घरोघरी पोहोचला आहे.

या दोन्ही शब्दांचे कूळ पाहण्यासारखे आहे. 'अभिजात' म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. लॅटिनमधील 'क्लासिकस' म्हणजे रोममधील सर्वांत वरच्या, धनिक वर्गातला नागरिक. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलिअस या लेखकाच्या ग्रंथात हे विशेषण लेखकांना लावलेले आढळते आणि त्याच्या उलट बाजूस शब्द येतो तो 'प्रोलेटेरियस', म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही असा. थोडक्यात, अभिजातपण जन्माने आणि धनाने येते, असे हे शब्द सुचवतात. आमच्या मते जुन्या मोटारसायकलीच्या बाबतीत खरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

राजदूतचेच पाहा. पोलंडमधील एका गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात बनवली. देखणेपणाबद्दल तिची कधी ख्याती नव्हती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून पहाटेच्या काळोखात कच्च्या रस्त्याने निघालेला गवळी, हीच तिची ओळख. १९७३ मध्ये 'बॉबी' चित्रपटात तिच्या छोट्या बहिणीला पडद्यावर मान मिळाला (आणि बॉबी ब्रागांझा आपल्यातलीच, म्हणून आपल्या घरांतून त्याचे जरा अधिकच कौतुक झाले!), पण राजदूतचा लौकिक त्या गवळ्यांनीच वाढवला. गोव्यातील 'पायलट' हेही तसेच. पुढचा मडगार्ड पिवळा रंगवून, मागे अनोळखी उतारू बसवून, त्यांनी या गाड्यांवर संसार चालवले. फेस्ताच्या दिवसांत जुन्या गोव्यात उतरलेल्या किती भाविकांना त्यांनी चर्चच्या दारापर्यंत पोहोचवले असेल!

जावा-येझदीची कथा थोडी निराळी आहे. मुंबईत परदेशी जावा विकणाऱ्या रुस्तम इराणी यांनी फारुख इराणी यांच्या साथीने १९६०च्या दशकाच्या आरंभी म्हैसूर येथे 'आयडियल जावा'चा कारखाना उभारला. पुढे त्याच गाडीचे नाव येझदी झाले. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला की त्याचीच किक होई. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे, प्लग काळा पडला की पुसायचा आणि पुन्हा किक मारायची. हे सारे रस्त्याच्या कडेला, दोन पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन करता येत असे. गाडी बिघडत नसे असे नाही, पण तिचा बिघाड साध्या माणसाच्या आटोक्यातला होता. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतरही या गाड्या चालत राहिल्या त्या गावोगावच्या फिटरांमुळे. कुणी लेथवर बूश उतरवून दिला, कुणी दुसऱ्याच गाडीचा भाग घासून बसवला. बुलेटचेही हेच झाले. इंग्लंडमधील मूळ कंपनीचा कारभार १९७०च्या सुमारास आटोपला आणि १९५५ पासून मद्रासेत बांधली जाणारी तिची गाडी मात्र पुढे चालू राहिली.

म्हणून आम्ही म्हणतो की, अभिजातपण कारखान्यातून तयार होऊन येत नाही. २००९ मध्ये रॉयल एनफील्डने भारतात एका कोऱ्या करकरीत गाडीचे नावच 'क्लासिक' ठेवले. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या इंजिनाच्या नव्या गाडीवर परत आले. गाड्या चांगल्या असतील, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. परंतु नाव आणि टाकीचा आकार विकत घेता येतो. तीस वर्षांची ओझी, खड्डे आणि दुरुस्त्या विकत घेता येत नाहीत.

आता जरा टोचणारी गोष्ट. गवळ्याने ती राजदूत विकली तेव्हा त्याला काय मिळाले? बहुधा भंगाराचा भाव. आज तीच गाडी क्रोम चढवून, रंग देऊन उभी राहते, तेव्हा तिची किंमत आणि तिच्यामुळे मिळणारा मान दोन्ही दुसऱ्याच्या पदरात पडतात. ज्यांच्या घामाने ती अभिजात झाली ते प्रोलेटेरियस, आणि तिचे धनी क्लासिकस! यात बेकायदेशीर काहीच नाही. व्यवहार राजीखुशीने झालेला असतो. तरीही तो पुरता फिटलेला आहे असे आम्हांला वाटत नाही.

पळस्प्याहून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागले की बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षिसाऐवजी त्याला मरण मिळाले, अशी दंतकथा आहे. येणारे-जाणारे वाहनचालक तेथे नाणे टाकतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. पण आपण ज्या वाटेने सुखाने जातो ती कुणीतरी दाखवली होती, एवढी आठवण त्या नाण्यात आहे. जुन्या गाडीच्या टाकीवरून मायेने फडके फिरवताना अशी आठवण कितीजणांना होत असेल?

कायद्याने या विषयात लक्ष घातले ते २०२१ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील त्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी नाही. म्हणजे ज्या कष्टांमुळे तिला मोल आले, तेच कष्ट तिला बंद! नियम करणाऱ्यांचा हेतू वारसा जपण्याचा आहे, हे मान्य. पण 'मूळ रूप' म्हणजे काय? प्लूटार्कने थीसिअसच्या नावेविषयी लिहून ठेवले आहे की, कुजलेली एकेक फळी बदलत गेल्यावर ती नाव तीच राहिली की नाही, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. पनवेलच्या एखाद्या फिटरला हा वाद पोरकट वाटेल. तीन वेळा पिस्टन बदललेली, वायरिंग नवे घातलेली गाडी त्याच्या लेखी तीच असते, कारण दुरुस्तीत खंड पडलेला नसतो. आमचे मत फिटरच्या बाजूचे आहे. तीस वर्षे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, एकही स्क्रू न बदललेली गाडी दुर्मीळ म्हणावी. अभिजात म्हणायला आमची जीभ अडखळते.

मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती टाळण्यात अर्थ नाही. या टू-स्ट्रोक गाड्या धूर ओकतात. मिसळलेले ऑइल जळते आणि काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हे इंजिन मोटारसायकलींतून हद्दपार झाले आणि ते योग्यच झाले. आपल्या आठवणींचा धूर मागच्या स्कूटरवरील लेकराने का गिळावा? तेव्हा जुनी गाडी रोज कामाला जुंपावी असा आमचा आग्रह नाही. महिन्याकाठी एखादी फेरी, तीही इंजिन नीट बांधून, हे तिलाही पुरेल आणि रस्त्यालाही सोसेल.

राहिला तो न फिटलेला व्यवहार. जुन्या आर.सी. बुकात मालकी बदलल्याच्या नोंदी असत. नाव, पत्ता, तारीख आणि आर.टी.ओ.चा शिक्का. आता कार्ड आले आणि ती पुस्तके कपाटांच्या तळाशी गेली. ज्याच्यापाशी अशी गाडी आहे त्याने ते पुस्तक एकदा उघडावे, आरंभीचे नाव वाचावे. तो माणूस हयात असेल तर एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर गाडी त्याच्या अंगणात नेऊन उभी करावी. म्हातारा आधी टाकीकडे पाहणारच नाही. खाली वाकून, तुम्ही ऑइल किती घालता, ते विचारील.